जुन्या घराचं वायरिंग बदलताना अ‍ॅस्बेस्टॉसचं काय केलं (माझा अनुभव)

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचं वायरिंग बदललं, वडोदऱ्यात अशी घरं अजून बरीच आहेत म्हणून लिहितोय. वायर सगळी लाकडी पट्टीतली, रबरावर सुती वेष्टण, जरा वाकवली की रबर बिस्किटासारखं तुटायचं आणि आतलं तांबं उघडं पडायचं. पण मला जास्त काळजी माडीवरच्या करड्या सिमेंट पत्र्याच्या पार्टिशनची होती, आणि चिनी मातीच्या फ्यूजमधल्या पांढऱ्या तंतूंच्या पट्टीची. दोन्हीत अ‍ॅस्बेस्टॉस (बारीक तंतूंचं, न जळणारं खनिज) असू शकतं, नुसतं बघून कळत नाही, लॅबच सांगू शकते, म्हणून आहे असंच धरून चाललो. वायरमन काका ड्रिल काढायला लागले तेव्हा स्पष्ट सांगितलं, काका, या पत्र्याला ड्रिल नाही, कटर नाही, ती बारीक धूळ फुफ्फुसात गेली की आजार कित्येक वर्षांनी वर येतो. पार्टिशन तसंच ठेवलं, लाइन शेजारच्या विटांच्या भिंतीवरून पीव्हीसी पट्टीतून नेली, दिसायला फार छान नाही पण चालतं.

फ्यूज काढायच्या आधी सप्लाय मीटरपासून बंद करवून घेतला आणि मल्टिमीटर लावून खात्री केली, नुसत्या टेस्टरवर भरवसा नको. मग अख्खा फ्यूज न फोडता दोन जाड पिशव्यांत बांधला. कापडी मास्क इथे कामाचा नाही, एफएफपी३ (अगदी बारीक धूळ अडवणारा मास्क) लागतो. झाडू नाहीच, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकंही त्याच पिशवीत. लाइटला १.५, एसीला ४ स्क्वेअर एमएम आयएसआय वायर, नवीन अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच), यात काटकसर करू नका.