पोडेस्टांचे लीक झालेले ईमेल कसे वाचायचे

हिलरी क्लिंटनच्या २०१६ च्या कॅम्पेनचे चेअरमन जॉन पोडेस्टा यांचे ईमेल विकिलीक्सने (गुप्त कागदपत्रं उघड करणारी वेबसाइट) ७ ऑक्टोबर २०१६ पासून नेटवर टाकायला सुरुवात केली. ते वाचायचे असतील तर स्क्रीनशॉटवर अजिबात विश्वास ठेवू नका, मूळ मेल उघडा आणि डीकेआयएम बघा, म्हणजे पाठवणाऱ्याच्या सर्व्हरची डिजिटल सही, ती जुळली तर मजकूर नंतर बदललेला नाही हे कळतं, पण सही नाही म्हणजे मेल खोटाच असंही नसतं हां.

मग अख्खी थ्रेड खालून वर वाचा. कोणी नुसतं सुचवलंय, कोणी खरंच ठरवलंय, हे वेगळं ठेवा. तेव्हा सीएनएनवर समालोचक असलेल्या डॉना ब्राझील यांनी सीएनएनच्या कार्यक्रमातले प्रश्न कॅम्पेनला आधीच कळवले होते, ते मेलमध्ये सरळ दिसतं, तिथे अर्थ लावावाच लागत नाही.

पण जेवणाच्या, पिझ्झाच्या साध्या मेलमधून लोकांनी मुलांच्या तस्करीचे गुप्त कोड काढले, ते सगळं खोटं होतं, आणि डिसेंबरमध्ये एक माणूस रायफल घेऊन त्या अफवेत नाव आलेल्या वॉशिंग्टनच्या पिझ्झा रेस्टॉरंटमध्ये घुसला, गोळ्याही झाडल्या! म्हणून लिहिलंय तेवढंच वाचा, प्लीज.

आणि मेल चोरले कोणी हेही बघाच, २०१८ मध्ये अमेरिकेने १२ रशियन लष्करी गुप्तहेरांवर आरोपपत्र ठेवलं, त्यात हे हॅकिंग आहे.