जुनी स्मरणिका फुकट साधनांनी टाइप करून कशी घ्यावी

कृष्णाकाठाला पूर नवा नाही. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा सांगलीत आणि आसपासच्या गावांत घरांतून, वाचनालयांतून, सोसायट्यांच्या कपाटांतून कागदाचे गठ्ठेच्या गठ्ठे भिजले. ज्याची दुसरी प्रत होती ते वाचलं, एकच प्रत होती ते गेलं. म्हणून मंडळाची रौप्यमहोत्सवी स्मरणिका, विकास सोसायटीचे जुने अहवाल, शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक असं काही तुमच्या ताब्यात असेल तर ते टाइप केलेल्या, शोधता येणाऱ्या मजकुरात उतरवून ठेवा. सगळी साधनं फुकट आहेत. वेळ मात्र लागतो: साठ पानांच्या स्मरणिकेला रोज तासभर बसलात तर नुसत्या शेवटच्या वाचनालाच तीन आठवडे धरा.

"फोटो काढा, गूगल लेन्सने कॉपी करा, झालं" हा सल्ला सगळीकडे मिळतो. दुकानाच्या पाटीपुरता तो ठीक आहे. स्मरणिकेच्या बाबतीत तो घातक आहे, कारण मशिन, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम, मजकूर देतं तो वरवर पाहता बरोबरच दिसतो. भिलवडी या गावाचं मिलवडी झालेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

फोटो

पान सपाट ठेवा, खिडकीजवळ दिवसाउजेडी फोटो घ्या, फ्लॅश बंद. पातळ कागदावर मागच्या बाजूची छपाई पुढे उमटत असेल तर पानाखाली काळा कार्डपेपर सरकवा. मागची अक्षरं बरीच फिकी होतात. पांढरा कागद ठेवाल तर ती उलट जास्त दिसतात.

स्कॅनर ॲपमधला 'काळा-पांढरा' फिल्टर मराठी कागदाला अजिबात लावू नका. तो करड्या रंगाचा प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण काळा करतो नाहीतर पूर्ण पांढरा. त्यात फिके अनुस्वार उडतात, बारीक वेलांट्या तुटतात आणि कागदावरच्या धुळीचे नवे अनुस्वार तयार होतात. इंग्रजीत एखादा ठिपका गेला तरी शब्द कळतो. आपल्याकडे अनुस्वार गेला की 'अंगण' वाचायचं तिथे 'अगण' उरतं. रंगीत फोटोच घ्या.

फाइलना पान-००१, पान-००२ अशीच नावं द्या. पुढची शून्यं नसतील तर दहावं पान दुसऱ्याच्या आधी येऊन बसण्याची भीती असते.

डाग काढणं

फोटोपी हे साधन ब्राउझरमध्येच उघडतं, काही बसवावं लागत नाही आणि चित्र तुमच्या संगणकाबाहेर जात नाही. पतसंस्थेच्या कागदांवर सभासदांची नावं आणि रकमा असतात, तिथे ही गोष्ट महत्त्वाची आहे.

पुराचा गाळ आणि जुनाट पिवळेपणा काढायला ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट ओढत बसू नका, डागही अक्षरांइतकाच गडद होतो. इमेज मेनूतल्या ॲडजस्टमेंट्समध्ये चॅनेल मिक्सर उघडा, 'मोनोक्रोम'वर खूण करा, लाल १००, हिरवा ०, निळा ० ठेवा. पिवळा-तपकिरी रंग लाल चॅनेलमध्ये जवळजवळ पांढरा दिसतो, म्हणून डाग विरतो आणि काळी शाई तशीच राहते. मग त्याच मेनूतलं लेव्हल्स उघडून उजवं टोक थोडं डावीकडे आणा, कागद पांढरा होईल.

एक धोका आहे. लाल शाईचे आकडे आणि लाल शिक्केही याच रीतीने गायब होतात. हिशेबाच्या पानांवर लाल शाई बऱ्याचदा असते, म्हणून ती पानं या रीतीने करायची नाहीत.

त्याच बैठकीत पान कापून घ्या. दोन रकाने असतील तर प्रत्येक रकान्याचं वेगळं चित्र करा. हे टाळलंत तर मशिन कधीकधी डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडतं, आणि दोन लेख एकमेकांत गुंफले की सोडवताना हाताने टाइप करण्याहून जास्त वेळ जातो. हळदीच्या पेढ्यांच्या, बेदाणा व्यापाऱ्यांच्या जाहिराती ओळखायला देऊच नका. त्या चित्र म्हणूनच ठेवा, त्यांची मांडणी हाच त्यांचा ऐवज आहे.

चित्र दोन एमबीपेक्षा मोठं झालं तर स्क्वूश या फाइल लहान करणाऱ्या साधनात मोझजेपेग हा पर्याय निवडून गुणवत्ता ७५ ठेवा. लांब बाजू ३००० पिक्सेलच्या आसपास राहू द्या.

मजकूर ओळखणं

संगणकावर गूगल ड्राइव्हमध्ये चित्र चढवा, त्यावर उजवी क्लिक, 'ओपन विथ', गूगल डॉक्स. नवी फाइल उघडते, वर चित्र, खाली मजकूर. फोनच्या ॲपमध्ये हा पर्याय शोधत बसू नका. फाइल दोन एमबीच्या आत, पान सरळ आणि अक्षरांची उंची निदान दहा पिक्सेल असावी ही गूगलचीच सूचना आहे. एका वेळी एकच पान द्या.

जुन्या स्मरणिकेची पीडीएफ डीटीपीवाल्याकडून मिळाली असेल आणि तिच्यातून कॉपी केल्यावर भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं येत असतील, तर ती श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये बांधलेली आहे. फॉन्ट बदलणारे कन्व्हर्टर असतात, पण नेमका कोणता फॉन्ट ते माहीत नसेल तर जोडाक्षरं विस्कटतात. त्या पीडीएफचं पान चित्र म्हणून काढा आणि इतर पानांसारखंच ओळखायला द्या.

दुरुस्ती

खरं काम इथे आहे, आणि बहुतेकांचं काम इथेच फसतं. वरचं चित्र पुसू नका, दुरुस्ती संपेपर्यंत ते समोर हवं.

आधी ठरावीक चुका एकगठ्ठा काढायच्या. कंट्रोल आणि एच दाबलं की 'शोधा आणि बदला' उघडतं. पण मराठीत 'सगळे बदला' हे बटण विचार करूनच दाबायचं.

पहिली चूक अर्ध्या र ची. 'शेतकऱ्यांना' ऐवजी 'शेतकर्यांना' येतं. कुणीतरी सांगतं, 'र्या' शोधा आणि 'ऱ्या' करा. असं केलंत तर कार्यालय, मर्यादा, पर्याय, सूर्यास्त हे सगळे शब्द एका झटक्यात बिघडतील, आणि ते बिघडलेले पटकन दिसणारही नाहीत. 'कर्या' शोधा, 'कऱ्या' करा. शेतकऱ्या, गावकऱ्या, वारकऱ्या, नोकऱ्या सगळे सुधारतात. 'कार्यालय'मध्ये क ला काना असल्यामुळे ते सापडतच नाही, म्हणून सुरक्षित राहतं. बाकीचे, म्हणजे व्यापाऱ्यांचा, कर्मचाऱ्यांना, दुसऱ्या, साऱ्या, एकेक शोधून बदला. 'आचार्यांना' दिसलं तर थांबा. संस्कृत पाठशाळेच्या लेखात ते आचार्य असतील, लग्नाच्या जेवणावळीत ते आचारी, म्हणजे 'आचाऱ्यांना'. हे मशिनला कळत नाही, वाक्य वाचूनच ठरतं.

तसंच 'र्हा' शोधून 'ऱ्हा' करा: कऱ्हाड, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, ऱ्हास. इथे नुसतं 'र्ह' शोधायचं नाही, नाहीतर 'अर्हता' बिघडेल. बदलताना ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरा, इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर ते शिफ्ट आणि जे वर आहे. काही ठिकाणी हाच आकार र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह असा येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना 'शेतकऱ्यां'पैकी निम्मेच सापडतात. सगळीकडे एकच रूप करून टाका.

'अॅ' हे दोन तुकड्यांचं अक्षर सगळीकडे बदलून एकसंध 'ॲ' करा. इथे 'सगळे बदला' बिनधास्त चालेल. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम आलेला असतो, म्हणून 'दु:ख' शोधून 'दुःख', 'स्वत:' शोधून 'स्वतः' असे शब्द धरून बदला. सगळे अपूर्णविराम बदललेत तर 'वेळ:' आणि 'स्थळ:' यांनाही विसर्ग लागेल.

यानंतरच्या चुका एकगठ्ठा निघत नाहीत. एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं ही त्यांची खाण: घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, थ आणि य, ब आणि व. घाटाचा धाट होतो, वाळव्याचं बाळवा होतं, पलूसचं षलूस होतं. नेहमीच्या शब्दांत चूक झाली तर डोळा अडतो. आडनावांत आणि गावांच्या नावांत अडत नाही. म्हणून स्मरणिकेतल्या गावांची आणि देणगीदारांची यादी आधी मूळ कागदावरून वेगळी हाताने लिहून घ्या आणि मजकुरातलं प्रत्येक नाव तिच्याशी ताडा. साठ वर्षांपूर्वी पाच रुपये देणाऱ्याचं नाव आपल्या हातून चुकू नये एवढी काळजी या कामात घ्यायलाच हवी.

आकड्यांवर वेगळी फेरी हवी. १ आणि ९, ५ आणि ६ हमखास अदलाबदल होतात, ० कधी टिंब होतं. जमाखर्चाच्या पानासाठी खात्रीचा उपाय एकच: रकमा इंग्रजी अंकांत गूगल शीट्समध्ये भरा, बेरीज करा आणि पानावर छापलेल्या बेरजेशी मिळवा. जुळली नाही तर फरक बघा. फरक ८, ८० किंवा ८०० असेल तर कुठेतरी १ चा ९ किंवा ९ चा १ झालेला असण्याचा संभव जास्त.

शेवटी दोघांनी बसून वाचायचं. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. छापखान्यात प्रुफं अशीच तपासत आणि याला अजून पर्याय नाही. एकट्याने वाचलं तर मन चुकीचा शब्द आपोआप बरोबर वाचतं. पानाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, सलग चार पानांपेक्षा जास्त करू नका, पुढे नजर घसरते.

दोन गोष्टी मुळीच करायच्या नाहीत. पहिली, जुनं लेखन सुधारायचं नाही. १९६२ साली राज्य शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही काही वर्षांच्या मजकुरात 'कांहीं', 'नाहीं', 'गांवांत' असंच लिहिलेलं असणार. ते तसंच ठेवा. तो कागद आपल्या काळाचा साक्षीदार आहे. दुसरी, एआय चॅटबॉटला मजकूर देऊन 'नीट करून दे' म्हणायचं नाही. डागाखाली गेलेला शब्द तो अंदाजाने भरतो, वाक्य सफाईदार करतो आणि कुठे बदल केला हे खात्रीने सांगत नाही. वाचता न आलेल्या जागी चौकटी कंसात [अवाच्य] लिहा. आणखी कुणाच्या घरी दुसरी प्रत निघाली तर ती जागा भरता येईल.

हस्तलिखित पानं

सभांची इतिवृत्तं शाईने लिहिलेली असतात आणि हाताच्या वळणदार मराठीवर मशिन फार अडखळतं. तिथे उलट रस्ता धरा. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, टूल्समधून व्हॉइस टायपिंग सुरू करा, भाषा मराठी निवडा आणि पान वाचत जा. तुम्हाला वाचता येईल ते टाइप होईल. मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम बोलून येत नाहीत, ते नंतर हाताने द्या. पंखा बंद ठेवा.

मांडणी आणि साठवण

डॉक्समध्ये 'मोअर फॉन्ट्स'मधून देवनागरी लिपी निवडा आणि तिरो देवनागरी मराठी घ्या. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. बरेच फुकट फॉन्ट हिंदी वळणाचा ल दाखवतात आणि जुन्या स्मरणिकेचं रूपच बदलतं. मुखपृष्ठ कॅन्व्हावर करणार असाल तर फॉन्ट ठरवण्याआधी 'श्री कऱ्हाड शेतकऱ्यांच्या उद्धारार्थ' ही ओळ टाइप करून बघा. त्यात एकही जोडाक्षर तुटलं तर तो फॉन्ट सोडा.

गावच्या ग्रुपवर पाठवायला पीडीएफ करा, पण तिच्यावर विसंबू नका. पीडीएफमधून मराठी परत कॉपी केलं की वेलांट्या आणि रफार पुष्कळदा जागा सोडतात. एक ओळ कॉपी करून नव्या फाइलमध्ये चिकटवा, लगेच कळेल. डॉक्सची मूळ फाइल आणि साध्या मजकुराची प्रत, दोन्ही ठेवा. गूगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात, साठ पानांची चित्रं त्यात सहज मावतात. खातं मात्र संस्थेच्या नावाने उघडा आणि पासवर्ड निदान दोन पदाधिकाऱ्यांकडे असू द्या.

स्मरणिका सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकण्याआधी लेखकांचा विचार करा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो, म्हणून हयात लेखकांची किंवा वारसांची लेखी संमती घ्या. मूळ प्रत दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून माडीवर ठेवा, तळमजल्यावर नको.