कळा सुरू झाल्या, निघायचं कधी?

माझ्या बहिणीला पहिल्या खेपेस दोनदा रात्री दवाखान्यात नेऊन परत आणलं. दोन्ही वेळा खोट्या कळा. तिसऱ्या रात्री आईने घाई केली नाही. घड्याळासमोर बसून कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने वेळा लिहीत गेली.

आधी कळ खरी की खोटी ते बघा. पाणी प्या, लघवीला जाऊन या, कूस बदला, चार पावलं चाला. खोटी कळ बहुधा विरते. खरी हटत नाही. अनेकदा कंबरेतून उठून ओटीपोटात येते, पोट दगडासारखं होतं आणि दर वेळी जोर वाढतो. चिकट स्रावात रक्ताची रेघ दिसली, तर घाबरू नका, ती नुसती वर्दी.

मग मोजा. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचं अंतर धरायचं. बरेच जण आधीची संपल्यापासून मोजतात आणि हिशोब चुकतो. दर ५ मिनिटांनी कळ, प्रत्येक साधारण १ मिनिटाची, आणि हे १ तास टिकलं की पहिलटकरणीने निघावं. आईची खूण याहून सोपी: ‘‘बघ, बोलता बोलता गप्प होतेय, खिडकीचा गज धरतेय. चला.’’

दुसरी-तिसरी खेप असेल, तर एवढी वाट बघू नका. ती बाळंतपणं भराभर उरकतात. दवाखाना लांब, वाटेत घाट किंवा पावसाळी ओढा असेल, तरीही लवकर निघा.

काही वेळा मात्र मोजत बसायचंच नाही. पाणमोट फुटली (पाणी हिरवट असेल तर फारच घाई), पाळीसारखं रक्त जाऊ लागलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, ३७ आठवडे भरायच्या आत कळा आल्या, आधीचं सिझर आहे किंवा बाळ आडवं वा पायाळू आहे: लगेच निघा. शौचाला लागल्यासारखं वाटून खाली जोर येत असेल, तर तिला संडासात पाठवू नका. बाळ येतंय. १०८ लावा.

फाइल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार कार्ड आठव्या महिन्यातच एका पिशवीत भरून दाराशी ठेवा. आमच्याकडे त्या रात्री फाइल कपाटात, किल्ली बाबांच्या खिशात आणि बाबा रिक्षा शोधायला गेलेले.