दीपगृहाची छोटी प्रतिकृती घेताना आधी पट्टे पाहा

दीपगृहावरचे रंगीत पट्टे निव्वळ शोभेसाठी नसतात. दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा खलाशी या रंगांवरूनच दीपगृह ओळखतो. त्यामुळे प्रतिकृतीत पट्टे चुकले की ती त्या दीपगृहाची राहतच नाही.

अमेरिकेतल्या केप हॅटरास आणि केप लुकआउट या दोन दीपगृहांचं उदाहरण घ्या. दोन्ही काळीपांढरी, पण हॅटरासवर वर चढत जाणारे तिरके, गोलाकार पट्टे आहेत, तर लुकआउटवर शंकरपाळ्यासारखे चौकोन. लुकआउटचे काळे चौकोन उत्तर-दक्षिणेकडे आणि पांढरे पूर्व-पश्चिमेकडे तोंड करून आहेत. स्वस्त प्रतिकृतींत असले बारकावे सर्रास चुकतात. म्हणून मूळ वास्तूचा फोटो मोबाइलवर उघडा आणि पट्ट्यांची दिशा, कठडा, घुमटाचा रंग ताडून पाहा. फोटो कधीचा आहे तेही बघा. हॅटरासचं अख्खं दीपगृह किनारा खचू लागल्यामुळे १९९९ मध्ये सुमारे ८८० मीटर आत सरकवलं, त्यामुळे जुन्या फोटोतला परिसर आता जुळणार नाही.

घरी आणल्यावर प्रतिकृती नेहमी तळाशी धरून उचला. वरचा कठडा आधी तुटतो (माझा तसाच गेला, तोही पुसताना!). धूळ झटकायला चित्रकलेचा मऊ, कोरडा ब्रश वापरा. ओलं फडकं नको, रंग सुटतो. थेट उन्हात ठेवाल तर लाल रंग विटतो. आत दिवा लागत असेल आणि तो रोज लावत नसाल, तर सेल काढून ठेवा.