एस्वातिनीला जाताय? आधी व्हिसा बघा

एस्वातिनी म्हणजे २०१८ पर्यंतचं स्वाझीलँड. बहुतेक छोट्या टूर दक्षिण आफ्रिकेतून आत शिरतात आणि तिकडेच परततात, म्हणून दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच घ्या. सिंह, हत्ती, गेंडे बघायचे तर ह्लाने राष्ट्रीय उद्यान. मे ते सप्टेंबर कोरडा काळ, प्राणी पाणवठ्यावर येतात. म्लिल्वाने अभयारण्यात सिंह नाहीत, त्यामुळे तिथे पायी किंवा सायकलवर झेब्र्यांच्या जवळून हिंडता येतं. मला तेच जास्त आवडेल! उम्हलांगा हा मुलींचा वेताचा नाचसोहळा साधारण ऑगस्टअखेर-सप्टेंबरच्या सुरुवातीला असतो. तारीख दरवर्षी बदलते, ती जाहीर झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. दक्षिण आफ्रिकेचा रँड इथे सर्रास चालतो, पण इथलं चलन लिलांगेनी तिकडे घेत नाहीत. उरलेले परतण्याआधीच खर्चून टाका.