शूमध्ये नाक घासणं थांबवा: पिल्लू घरी आणल्यावर या चुका टाळा

"ताई, हा मुद्दाम करतो हो. खाली अर्धा तास फिरवलं तरी करत नाही आणि घरात पाऊल टाकलं की दिवाणामागे जाऊन करतो." हे इतक्या घरांतून ऐकलंय की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सुरुवातीला मारलं होतं का?" पलीकडे जरा शांतता. मग, "मारलं असं नाही, फक्त नाक घासलं."

कोथरूडच्या एका घरी अडीच महिन्यांचं लॅब्रेडोरचं पिल्लू होतं. शूमध्ये नाक घासायचं आणि एक चापट द्यायची, हा जुना उपाय आजोबांनी सांगितला आणि घरच्यांनी तो मनापासून केला. पिल्लाला त्यातून एवढंच कळलं, की माणूस बघत असताना शू केली तर मार बसतो. 'इथे नको, तिथे कर' हे कळायला त्याला वावच नव्हता. मग खाली नेलं की पट्टा धरलेला माणूस शेजारी उभा, म्हणून ते रोखून धरायचं आणि घरी आलं की एकांत शोधायचं. मी गेले त्या दिवशी आम्ही दिवाण ओढला. मागच्या कोपऱ्यातलं प्लायवूड फुगून पापुद्रे सुटले होते, वास डोळ्यांना झोंबत होता. मी हात पुढे केला तर पिल्लू कान पाडून फरशीला चिकटलं आणि तिथेच त्याची चमचाभर शू झाली. ही घाबरून होणारी शू. तिच्यावर ओरडलात की ती वाढतेच.

ते घर सावरायला दोन महिने लागले. पाच मीटरची दोरी घेतली, खाली गेल्यावर त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, बोलायचं नाही. शू झाली की हळू आवाजात शाबासकी आणि खिशातला उकडलेल्या चिकनचा तुकडा, तिथल्या तिथे. घरी आल्यावर दिलेलं बिस्किट त्याच्या लेखी घरी आल्याचं बक्षीस असतं, शूचं नाही. घरात झालेली दिसली तर गप्प पुसा. डोळ्यांसमोर करत असेल तर न रागावता उचला आणि जागेवर न्या.

दुसरी चूक फिनेलची. आपल्या नाकाला फिनेलचा वास आला की फरशी स्वच्छ झाली असं वाटतं. पिल्लाच्या नाकाला त्याखालची शू तशीच कळते आणि ते पुन्हा तिथेच जातं. शिवाय फिनेल पंजांना लागतं आणि पिल्लू पंजे चाटतं. अमोनिया असलेलं क्लीनर तर आणखी वाईट, कारण शूचा वासही तसाच. मी आधी जुन्या सुती कपड्याने दाबून टिपून घेते, साध्या पाण्याने पुसते, मग अर्धं पांढरं व्हिनेगर आणि अर्धं पाणी. संगमरवर, शहाबादी किंवा कडप्प्यावर मात्र व्हिनेगर नको, दगडाची चकाकी जाते. तिथे एन्झाइमवालं, म्हणजे शूचा वास मुळापासून तोडणारं क्लीनरच आणा.

पहिल्या दिवसापासून सगळं घर मोकळं सोडणं ही घाईची चूक आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांच्या वर धरवत नाही आणि जागं असताना तर त्याहून लवकर न्यावं लागतं. झोपून उठल्यावर लगेच, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, हे ठरलेलं. मी पट्टा माझ्याच कमरेला बांधते. पोळ्या लाटताना पिल्लू पायाशी असतं, फरशी हुंगत गोल फिरायला लागलं की कळतंच. तेवढं लक्ष द्यायला वेळ नसेल तर पिल्लू आणण्याची वेळ अजून आलेली नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. आठवड्यात शिकवून देतो म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, भटकी कुत्री वावरतात तिथे पिल्लाला जमिनीवर सोडू नका. पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पण म्हणून शिकवणं थांबवायचं नाही. गॅलरीत नर्सरीतून आणलेल्या हिरवळीचा ट्रे ठेवा. शू टिपायच्या कापडी पॅडवर शिकलेल्या पिल्लाला पुढे पायपुसणं आणि गोधडीही पॅडसारखीच वाटते. खाली न्यायची वेळ आली की त्याच ट्रेमधला वासाचा तुकडा सोबत न्या.

शू झाल्याबरोबर घरी आणू नका. बाहेरची मजा संपते हे कळलं की ते रोखून धरायला शिकतं. दहा मिनिटं खेळू द्या.

दूध-पोळी बंद. बऱ्याच पिल्लांना दुधाने जुलाब होतात आणि मग शीची वेळ कशी पाळणार?

शू कमी व्हावी म्हणून पाणी काढून ठेवणं तर करूच नका, उन्हाळ्यात अजिबातच नाही.

आणि नीट शिकलेलं पिल्लू अचानक थेंब थेंब, सारखी शू करू लागलं, ती जागा चाटत बसलं किंवा शूत लाल झाक दिसली, तर तो शिकवण्याचा प्रश्न नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि निघताना स्वच्छ डबीत थोडी ताजी शू धरता आली तर तीही घेऊन जा.