कधी वाढतं, कधी वाढत नाही: जुन्या टोयोटा पिकअपचं आयडलिंग तपासताना या चुका टाळा

सिग्नलला गाडी उभी आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला आहे आणि आरपीएमचा काटा 1,800 वर जाऊन बसलाय. पुढच्या सिग्नलला तोच काटा 800 वर. गॅरेजमध्ये नेली की इंजिन अगदी शांत चालतं. कॅलिफोर्नियात माझ्या 1991च्या पिकअपने मला असं पाच महिने फिरवलं. त्या काळात मी स्वतः केलेल्या आणि गॅरेजवाल्यांकडून करून घेतलेल्या चुका इथे लिहितोय. ही गाडी अजून कितीतरी लोक रोजच्या कामाला वापरतात, आणि चुकीच्या दुरुस्तीने ती हकनाक भंगारात जाऊ नये.

बाकी जगात हायलक्स म्हणून ओळखली जाणारी ही गाडी अमेरिकेत 1995 पर्यंत नुसती ‘टोयोटा पिकअप’ म्हणून विकली गेली. माझ्या गाडीचं इंजिन 22आर-ई: 2.4 लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल, फ्यूएल इंजेक्शन.

पहिली चूक: स्क्रू फिरवणं

आयडलिंग वाढलं की हात आधी स्क्रूकडे जातो. थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा पाकळीने अडवणाऱ्या भागावर, दोन स्क्रू असतात. एक आयडलिंगची हवा कमी-जास्त करतो. दुसरा थ्रॉटलची पाकळी किती मिटायची ते ठरवतो, आणि तो कारखान्यातच बसवलेला असतो. त्याला हात लावूच नका. पहिला फिरवून वाढलेली रेस दाबलीत, तर बिघाड नसेल त्या वेळी गाडी सिग्नलला बंद पडेल. येणारा-जाणारा दोष कायमच्या सेटिंगने झाकता येत नाही. माझ्या गाडीचा स्क्रू आधीच्या मालकाने पूर्ण आवळून ठेवला होता, त्यामुळे मूळ दोष शोधायला मला आणखी वेळ लागला. ठरलेलं आयडलिंग बॉनेटखालच्या लेबलवर छापलेलं असतं. ते आधी वाचा.

दुसरी चूक: जास्तीची हवा कुठून येतेय याचा विचार न करणं

मला हे फार उशिरा कळलं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. या इंजिनात आत जाणारी हवा एक झडप मोजते आणि त्या मापाने पेट्रोल दिलं जातं. झडपेच्या पुढे एखादा होज फाटला तर आत शिरणारी हवा मोजलीच जात नाही. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन बहुधा खडखडतं किंवा बंद पडायला बघतं. सोपी परीक्षा आहे: आयडलिंगवर असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. इंजिन लगेच अडखळलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही, तर आधीच कुठेतरी हवेची गळती आहे.

पण रेस गुळगुळीत वाढत असेल, इंजिन मुळीच थरथरत नसेल, तर हवा बहुधा मोजली जाऊनच आत येतेय, फक्त पाकळीला वळसा घालून. मग संशयित मोजकेच उरतात: थंड इंजिनला जास्त हवा देणारा एअर व्हॉल्व्ह, एसीसाठी रेस वाढवणारा व्हॉल्व्ह, पॉवर स्टीअरिंगचा तसाच व्हॉल्व्ह, आणि पूर्ण न मिटणारी पाकळी. एसी आणि पॉवर स्टीअरिंगच्या व्हॉल्व्हचे बारीक होज चिमट्याने हलकेच दाबून बघा. दाबताच रेस खाली आली तर दोषी सापडला.

गळती शोधायला गरम मॅनिफोल्डवर (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांवर) कार्ब क्लीनर, म्हणजे कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे, फवारायची पद्धत सर्रास चालते. तो पेट घेतो. साबणाचं पाणी वापरा, नाहीतर धुराची चाचणी करून घ्या.

तिसरी चूक: कुलंट न बघणं

थ्रॉटल बॉडीखालच्या एअर व्हॉल्व्हमध्ये मेणाची गोळी असते. इंजिनचं गरम कुलंट (इंजिनची उष्णता वाहून नेणारं द्रव) तिच्याभोवती फिरतं, मेण फुगतं आणि हवेची वाट बंद होते. म्हणूनच सकाळी रेस जास्त असते आणि 80 अंशांच्या आसपास उतरते. कुलंट कमी झालं किंवा त्यात हवेचा बुडबुडा अडकला, तर हा भाग उंचावर असल्याने बुडबुडा तिथेच थांबतो. मेण गार पडतं आणि इंजिन तापलेलं असतानाही वाट पुन्हा उघडते. बुडबुडा सरकला की सगळं ठीक. ‘कधी होतं, कधी नाही’ याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

रेस नुसती वाढत नसेल, वर-खाली झोके घेत असेल, तरी इथेच बघा. पाय सोडलेला असूनही आरपीएम जास्त दिसले की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. रेस पडते, पेट्रोल पुन्हा सुरू होतं, रेस चढते.

रिझर्व्ह बाटलीतली पातळी बघून समाधान मानू नका. इंजिन पूर्ण गार असताना, आणि फक्त तेव्हाच, रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत घाई करू नका.

चौथी चूक: सेन्सर बदलत सुटणं

मी पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बदलला. नंतर जुना मोजला तर त्याचा विद्युत रोध ठरलेल्या मापातच निघाला: 20 अंशांना 2 ते 3 किलो-ओहम, 80 ला 0.2 ते 0.4. म्हणजे तो ठणठणीत होता. आधी मीटर लावा, मग पैसे खर्च करा. पाकळी किती उघडली ते सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरचंही तसंच. त्याचा आयडल संपर्क (पाकळी मिटली की जुळणारा) फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी, तपासतात: स्टॉप स्क्रूपाशी 0.57 मिलिमीटरची पट्टी सरकवल्यावर संपर्क जुळलेला हवा, 0.85 ला तुटलेला.

आणि त्याही आधी केबल. पेडलखाली बोटं घालून ते वर ओढा. रेस उतरली तर दोष केबलचा, स्प्रिंगचा किंवा जाड मॅटचा.

गाडी गॅरेजमध्ये लक्षण दाखवत नाही, म्हणून वही ठेवा. इंजिन गार की गरम, एसी चालू की बंद, स्टीअरिंग वळवलेलं होतं का, गाडी घाटातून उतरली होती का. माझ्या वहीत तीन आठवड्यांत स्पष्ट दिसलं: लांब उतारानंतर, एसी बंद असताना. रेडिएटर उघडला तर जवळपास लिटरभर कुलंट कमी.

भरलं की रेस ठीक होते आणि माणूस विसरून जातो. मीही तेवढ्यावरच थांबणार होतो. पण कुलंट गेलं कुठे? या इंजिनात टायमिंग चेनच्या प्लॅस्टिक पट्ट्या तुटतात, सैल चेन पुढचं कव्हर घासत जाते आणि पार भोक पडलं की कुलंट थेट ऑइलमध्ये उतरतं. थंड स्टार्टला पुढून खडखड येते का ते ऐका, ऑइलची काडी काढून दुधाळपणा आहे का ते बघा. हेडची पॅकिंगही तपासून घ्या. माझं ऑइल स्वच्छ निघालं. इंजिनच्या मागे, हीटरच्या होजवर क्लिपखाली वाळलेल्या लाल कुलंटचा बोटभर ओघळ होता. होज बदलला, क्लिप बदलली, स्क्रू लेबलप्रमाणे परत लावला.